वेतवालीचा अंगठा

"हात काढ! काढ म्हणते ना!"

म्हातारीने सिस्टरचं मनगट पक्कडीत धरावं तसं धरलं. "एवढ्या उंचावरून पडून हाडं मोडलीत माझ्या पोराची, आणि वर तू चिमटे काढतेस?"

"मावशी, हात सोडा." सिस्टर दातओठ खात म्हणाली. "तपासणी आहे ही. खांदा दाबल्यावर पेशंट काय करतो ते बघावंच लागतं."

"तुझ्या लेकराला दाब!"

"लेकरू घरी ठेवूनच आलेय मी. सोडा आधी."

म्हातारीला सगळी गल्ली वेतवाली म्हणायची. उभा जन्म खुर्च्यांना वेत विणण्यात गेला होता. अंगठे शिंगासारखे टणक झाले होते आणि जीभ त्याहून धारदार. त्या जिभेपायी मुलगा लग्नानंतर वेगळा निघाला. तो इमारती रंगवायचा. कमरेचा दोर सुटला आणि तो खाली कोसळला. आता दवाखान्याच्या बाकावर एका टोकाला वेतवाली, दुसऱ्या टोकाला सून. मधल्या जागेत विस्तव ठेवल्यासारखा.

डॉक्टरांनी दोघींना समोर उभं करून सांगितलं होतं, "मांडीचं हाड जुळेल, बरगड्याही जुळतील. काळजी डोक्याची आहे. मेंदूला सूज आहे. दुखवल्यावर त्याने हाताने झटकलं, तर आशा धरू. नुसता ताठरला, तर..."

बेशुद्धीत तो रोज नुसता ताठरत होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं अंग पुसताना सुनेने दंड उचलला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतल्या बाजूला काळेनिळे डाग होते.

"सिस्टर! माणूस आहे का गोणपाट? बोलता येत नाही म्हणून काहीही करायचं?"

सिस्टरचा चेहरा उतरला. "या माझ्या खुणा नाहीत. मी दंडाला हातच लावत नाही."

"मग काय डासांनी केल्या? बोलवा तुमच्या मोठ्या बाईंना! घरीच बसवते तुम्हाला!"

शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. वेतवाली सलाइनचा थेंब बघत होती. गप्प राहिली असती, तर कुणी तिचं नावही घेतलं नसतं.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "मी काढले."

"काय?"

"चिमटे. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा. म्हटलं, परक्या हाताला काय दाद देणार तो. माझा हात ओळखेल."

"ओळखला ना! म्हणूनच ताठरला!" सून किंचाळली. "जन्मभर चिमटेच काढलेत तुम्ही त्याला. तोंडाने पुरले नाहीत, म्हणून आता हाताने!"

 

सिस्टरने डागांवरून बोट फिरवलं. राग तिच्या आवाजात अजून धुमसत होता. "दाबायची जागा ठरलेली असते, मावशी, आणि जोरही. तुम्ही नुसतं रक्त साकळवलंत. आता हात लावायचा असेल तर गोंजारायला. नाहीतर बाहेर बाकावर."

गोंजारायला. वेतवाली आपल्या हाताकडे बघत राहिली. पोर लहान असताना पाठीला लोंबकळायचं, आणि हातात ओला वेत असायचा. वेत वाळायच्या आत ओढावा लागतो. पोर थांबायचं.

तिने अंगठा त्याच्या गालावर ठेवला, नाकातल्या नळीपासून दूर. हळूच वर ओढला. भेगाळलेली कातडी दाढीच्या खुंटांवर कानस घासावी तशी खरखरली.

त्याच्या कपाळाला आठी पडली.

चादरीवरचा हात हलला, थबकला. मग वाकडातिकडा वर आला, तिच्या मनगटावर आपटला आणि ते बाजूला सारू लागला. जोर कसला, पाखराएवढा. पण सारलं.

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला. "पुन्हा करा. तस्संच."

त्याने पुन्हा झटकलं.

"म्हणजे...?" सून खाटेजवळ सरकली.

"डॉक्टरांना बोलावते, तेच सांगतील. चालेल, बोलेल, ओळखेल, यातलं मी आज काही कबूल करणार नाही. पण हे ताठरणं नाही."

सुनेने मनगटाने डोळे पुसले. सासूकडे न बघताच म्हणाली, "तुमचा हात त्याला कधी आवडलाच नाही."

"नाहीच आवडत," वेतवाली म्हणाली, चारचौघांत पोराचं कौतुक सांगावं तशी. आणि पुन्हा झटकून घ्यायला तिने अंगठा त्याच्या गालाजवळ नेला.