भाताच्या हंडीतलं आकाश

दिगंबर पाटणकर टपाल खात्यात अधिकारी होते. १९५५ साली पुण्याहून त्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि भवानीपुरात दोन खोल्यांची जागा मिळाली. बायको शकुन दोन महिन्यांत तिथे अशी रुळली की जदुबाबूच्या बाजारात कोळणीशी बंगालीत भांडू लागली. मासे ती घेत नसे, भांडण नुसतं रस्ता अडवल्याचं असे. पाटणकरांचं मात्र तसं नव्हतं. "सामान आलंय, हे अजून यायचेत," असं शकुन म्हणायची.

कारण पाटणकरांचं कुठलंही वाक्य "आमच्या पुण्यात" या शब्दांनी सुरू व्हायचं. इथली भेंडी बघितली की पुण्याची भेंडी, इथला घाम पुसताना पुण्याची हवा. हे सगळं ऐकून घ्यायला जवळच एक हक्काचे श्रोते होते, श्यामराव गुर्जर. ते दातांचे डॉक्टर. त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. श्यामराव मराठी मंडळाचे चिटणीस होते आणि रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला चारदोन मराठी घरं जमत.

अशाच एका रविवारी पाटणकरांनी तारांगणाचा विषय काढला.

"आमच्या पुण्यात गेल्या वर्षी एका शाळेत तारांगण सुरू झालंय. घुमटाखाली बसायचं, दिवे घालवतात, आणि डोक्यावर सगळं आकाश! भर दुपारी! एवढं मोठं हे कलकत्ता, आहे का इथे?"

"नाही बुवा," श्यामराव म्हणाले. "आम्ही रात्र व्हायची वाट बघतो. पण पुण्याच्या घुमटात आकाश कुठलं दाखवतात? पुण्याचंच, की बाहेरच्या तारेतारकांनाही प्रवेश आहे?"

सगळे हसले. पाटणकर हसले नाहीत. "थट्टा सोडा. विज्ञान आहे ते. आधी सूर्य मावळतो, मग एकेक तारा उमटतो, मग..."

"मग?"

"मग... बरंच काही असतं."

शकुन कपबशा गोळा करत होती. ती अगदी सहज म्हणाली, "सूर्य मावळल्यावरचं मला विचारा, डॉक्टर. सूर्य मावळला आणि यांचाही मावळला. खुर्ची मऊ होती. दिवे लागले तेव्हा शेजारच्या मास्तरांनी यांना हलवून उठवलं."

त्यावर जो हशा झाला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. श्यामरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटणकरांचे कान लाल झाले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. मी इथे तारांगण करून दाखवतो. जागेपणी."

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. पण श्यामराव चिटणीस होते. गणपतीतला एक रविवार त्यांच्याकडे रिकामा होता, कारण ठरलेले गवई आजारी पडले होते. "लिहून टाकतो," ते म्हणाले. "दुपारी चार वाजता. 'तारांगण. सादरकर्ते श्री. पाटणकर.' आता माघार नाही."

घरी येताना पाटणकर शकुनच्या चार पावलं पुढे चालत होते. जिन्यात मात्र थांबून म्हणाले, "घुमट कशाचा करायचा गं?"

घुमट बराकपूरला सापडला. तिथल्या छावणीत मनोहर शिंदे नावाचे सुभेदार होते, मंडळाचे जुने सभासद. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक पांढरं पॅराशूट घेतलं होतं. श्यामरावांना हे ठाऊक होतं. सियालदाहून गाडी पकडून दोघं बराकपूरला गेले. श्यामराव का आले हे पाटणकरांना कळेना. "फजिती पहिल्या अंकापासून बघावी," श्यामरावांनी खुलासा केला.

सुभेदारांनी ट्रंकेतून पॅराशूट काढलं, अंगणात पसरलं, आणि त्यांचा चेहरा पडला. कापडाच्या दोन पाकळ्या गायब होत्या. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मुलींची पोलकी शिवली. रेशीम ट्रंकेत कुजवायचं का?"

"आकाशाची पोलकी!" श्यामराव म्हणाले. "पाटणकर, आमच्या कलकत्त्यात असं चालतं."

तरी पॅराशूट घेऊन ते परतले. गेलेल्या दोन पाकळ्यांच्या जागी श्यामरावांनी आपलं एक कोरं धोतर दिलं. शकुनने ते आपल्या हाताने जोडलं.

आता तारे हवे होते. एका पंचांगवाल्याकडून पाटणकरांनी आकाशाचा मोठा नकाशा मिळवला. तो चैत्रातल्या आकाशाचा होता, पण मिळाला हेच खूप. नकाशातल्या ताऱ्यांच्या जागी भोकं पाडायला गोल बुडाचं भांडं पाहिजे होतं, म्हणजे आत दिवा ठेवला की भोकांतून प्रकाश घुमटावर पडेल. घरात असं भांडं एकच होतं. शकुनने हौसेने घेतलेली, भाताची अॅल्युमिनियमची बंगाली हंडी.

पाटणकर हंडीकडे बघत राहिले आणि शकुन पाटणकरांकडे.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "पण मृगाचं भोक नीट पाडा. भात चाळायला उपयोगी पडेल."

पाटणकर कामाला लागले. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि हंडी मांडीवर. नकाशाचे तुकडे करून त्यांनी ते हंडीला बाहेरून चिकटवले आणि बारीक खिळ्याने टकटक सुरू केली. मोठ्या ताऱ्याला मोठा खिळा, लहानाला दाभण. खालच्या मजल्यावरचे शरच्चंद्र बाबू, बागबाजारच्या एका शाळेचे हेडमास्तर, वर येऊन विचारून गेले की नवे शेजारी तांबटाचा धंदा करतात का. शकुनने त्यांना सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "मी येणार."

या दिवसांत एक गंमत झाली. पाटणकर पुण्याबद्दल बोलेनासे झाले. बोलायला वेळच नव्हता. स्वाती कुठे, चित्रा कुठे, सप्तर्षींचा कोन किती, हे बोलता बोलता ते जेवत आणि पुढ्यात काय आहे हे न बघता संपवत. एकदा शकुनने मुद्दाम शुक्तो केलं, कडू कारल्याची बंगाली भाजी. पाटणकरांनी ती दोनदा मागून घेतली. शकुनने कुणाला सांगितलं नाही.

हंडी पुरी झाली तेव्हा त्यांनी मच्छरदाणीत बसून आत मोटारीचा छोटा दिवा लावला. पांढऱ्या जाळीवर ठिपके उमटले. शेकड्याने! पाटणकरांनी कुठला ठिपका कुठे आहे हे पाहिलंच नाही. ते नुसते ओरडले, "शकुन! लागले!"

रविवारी मंडळाचा हॉल गच्च भरला. गणपतीच्या पुढची समई कोपऱ्यात हलवून तिच्यापुढे पडदा लावला होता. खिडक्यांना घोंगड्या. छताच्या हुकाला पॅराशूट टांगून त्याच्या कडा दोऱ्यांनी चारी बाजूंना ताणल्या होत्या. खाली सतरंज्यांवर माणसं पाय आखडून बसली होती आणि मधोमध स्टुलावर शकुनची हंडी पालथी घातली होती. दिव्यांच्या बटणापाशी श्यामराव उभे होते. त्यांनी ती जागा मागून घेतली होती.

"मंडळी," पाटणकरांनी सुरुवात केली, "आता संध्याकाळ होत आहे. पश्चिमेला बघा."

पश्चिमेच्या कडेला लाल कागद गुंडाळलेला दिवा होता. एकाने तो हळूहळू खाली नेला आणि मालवला. हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. मग हंडीतला दिवा लागला.

सगळ्या हॉलचा श्वास एकदम आत गेला. डोक्यावर पांढऱ्या रेशमावर तारे होते. काही साबुदाण्याएवढे झाले होते, काही थरथरत होते, धोतराच्या पट्ट्यावर जरा पिवळट दिसत होते. पण ते तारे होते. एक लहान मूल "आई गं!" म्हणालं आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

पाटणकरांनी हातातला टॉर्च पेटवला. "सूर्य मावळला त्या पश्चिमेला आता मृग नक्षत्र दिसेल. आणि समोर पूर्वेला उगवतेय ती स्वाती."

टॉर्चचा बाण पूर्वेला गेला. तिथे मृग होतं. बाण घाईने पश्चिमेला आला. तिथे स्वाती होती.

बाण मध्येच थांबला. मग अंधारातून श्यामरावांचा आवाज आला, अगदी मऊ. "पाटणकर, सूर्य जिथे बुडाला तिथूनच स्वाती वर आली का हो?"

कुणीतरी खुदकन हसलं. शकुन हंडीपाशीच बसली होती. ती हलकेच म्हणाली, "अहो, सगळं उलटं झालंय. नकाशा खालून वर बघायचा असतो. तुम्ही तो बाहेरून चिकटवलात."

पाटणकरांना सगळं लख्ख कळलं. इतक्या संध्याकाळी घालवल्या, इतकी भोकं पाडली, आणि एकही तारा आपल्या बाजूला नाही. हंडी कशीही फिरवली तरी सुधारणार नव्हती. अंधारात त्यांना पुण्याची ती मऊ खुर्ची आठवली. तेव्हा झोप लागली होती, आताही लागती तर बरं झालं असतं.

श्यामरावांना हे अंधारातही कळलं असावं. वर्षभर ज्या क्षणाची वाट बघावी तो क्षण समोर होता. पण ते मोठ्याने म्हणाले, "हां! म्हणजे हे आकाश पाटणकर आपल्याला बाहेरून दाखवतायत. गणपतीबाप्पा बघतात तसं. वा!"

लोकांना पटलं होतं. दोघातिघांनी "वा, वा" केलंही. पाटणकरांना नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही सांभाळून घेताय, पण चूक माझी आहे. मी आकाश उलटं केलंय. आरशात दिसतं तसं झालंय हे. डावं ते उजवं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पाटणकर दिवे लावायला सांगणार तेवढ्यात शकुन म्हणाली, "आरशात दिसतं तसं आहे ना? मग आरशातच बघू या की."

"म्हणजे?"

"उलट्याचं उलटं. सुलटं नाही का होणार?" तिने पिशवीतून कुंकू लावायचा छोटा आरसा काढला, घुमटाकडे पाठ केली, आरसा डोळ्यांपुढे धरला आणि ओरडली, "हे बघा! सप्तर्षी सरळ!"

पुढचा गोंधळ मंडळात बरीच वर्षं आठवला गेला. बायकांच्या पिशव्यांतून आरसे निघाले, पावडरच्या डब्या उघडल्या. ज्यांच्याकडे काही नव्हतं ते शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाकू लागले. "मला दिसली, स्वाती दिसली!" "अहो, ते तुमचं नाक आहे." श्यामरावांनी खिशातून दात बघायचा लांब दांड्याचा आरसा काढला आणि त्यात एका डोळ्याने बघत म्हणाले, "पाटणकर, चित्रेला कीड नाही. ध्रुव जरा हलतोय."

शकुनने आपला आरसा पाटणकरांच्या हातात दिला. त्यांनी घुमटाकडे पाठ केली. तळहाताएवढ्या काचेत सातही ऋषी होते, आपापल्या जागी, शेपटाचा बाक पूर्वेकडे. त्या बाकावरून नजर खाली घसरली की स्वाती, आणखी खाली चित्रा. पाटणकर बघत राहिले. कुणीतरी प्रश्न विचारला तो त्यांना ऐकूच आला नाही.

"झोपलात का?" श्यामरावांनी विचारलं.

"गप्प बसा हो," पाटणकर म्हणाले, आणि अंधारात पहिल्यांदाच हसले.

दिवे लागल्यावर शरच्चंद्र बाबू गर्दीतून पुढे आले. त्यांच्या हातात कुणाच्या तरी बायकोची पावडरची डबी होती. हा कार्यक्रम पूजेच्या सुट्टीआधी त्यांच्या शाळेत व्हायलाच हवा, असं त्यांनी हिंदीत सांगितलं.

"नवी हंडी करतो," पाटणकर म्हणाले. "या वेळी नीट."

"नको, नको!" शरच्चंद्र बाबू घाबरून म्हणाले. "सरळ आकाश तर गच्चीवर फुकट आहे. मुलांना हेच हवं. प्रत्येकाने घरून आरसा आणायचा, असं मी सांगेन." मग ते शकुनकडे वळून मिस्कीलपणे म्हणाले, "पूर्वी मराठे येतील म्हणून आमच्या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. आज मी स्वतः बोलावतोय, हंडी घेऊन या."

पाटणकर स्वतःच्या, शकुनच्या आणि श्यामरावांच्या वतीने नमस्कार करत राहिले.

ठरल्या दिवशी पॅराशूट हातगाडीवर बांधून बागबाजारला गेलं. हंडी मात्र पाटणकरांनी ट्राममध्ये मांडीवर घेतली. कंडक्टरने आत रसगुल्ले आहेत का विचारलं, तेव्हा त्यांनी झाकण काढून भोकं दाखवली आणि त्यालाही आमंत्रण दिलं.

शाळेच्या सभागृहात मुलं-मुली दाटीवाटीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी चकचकीत होतं. एकाने तर दाढीचा आरसा चौकटीसकट आणला होता. श्यामराव बटणापाशी गेले. बंगालीत बोलायला ते तयार होते, पण पाटणकरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि शकुनकडून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "आज आमि तारा देखबो."

सभागृह हसू लागलं. पुढच्या रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी उठून म्हणाली, "देखबो ना, देखाबो!"

शकुनने मराठीत समजावलं, "मी तारे दाखवीन म्हणायचं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मी तारे बघीन."

पाटणकरांनी क्षणभर विचार केला. मग त्या मुलीकडे बघून मान डोलवली. "देखाबो," ते म्हणाले. "आर देखबो." दाखवीन, आणि बघीनसुद्धा. मग तिच्या शेजारी सरकून, धोतर सावरत, सतरंजीवर बसले.

श्यामरावांनी दिवा मालवला.