बाळाच्या उशाशी मी मुके

मित्रांनो, मी आता जे निवेदन करणार आहे ते एका विश्वासघाताचे निवेदन आहे. तरी ते शांत चित्ताने ऐकावे, ही प्रथम विनंती.

मी एक जुने, हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र आहे. चंद्रपुरातील एका खाजगी दवाखान्याच्या जिन्याखाली, मोडक्या खाटांच्या सहवासात सध्या माझे वास्तव्य आहे. एके काळी मात्र दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या उशाशी मी विराजमान होते.

अशी बाळे काचेच्या पेटीत असतात. मोठ्याने रडण्याइतके बळ त्यांच्या अंगी नसते. सुई टोचली, थंडी वाजली, तरी ओठ फक्त थरथरतात. परंतु त्यांचे हृदय काही लपवीत नाही. ते घाबरे झाले की माझा लाल दिवा लुकलुके व घंटा वाजे. बाळाला जे सांगता येत नाही ते मी सांगावे, याचसाठी माझी निर्मिती झाली. मी आले त्या दिवशी मला झेंडूचा हार घातला गेला.

१९८६ च्या उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या रुखमाबाईंचा मुलगा पेटीत आला. त्याची मूठ मोहाच्या फुलाएवढी होती. त्याला कोणी हात लावला नाही तरी मी वारंवार वाजू लागले. त्याची शुश्रूषा करणाऱ्या कमरजहाँ सिस्टर माझ्याकडे रोखून पाहू लागल्या.

"रुखमाबाई, पाह्य इकडे. हे वाजलं का लेकरू दचकते, अन् लेकरू दचकलं का हे पुन्हा वाजते. मशीन नोहे, माही सासू आहे."

"सासूचा काय इलाज करता बाई?"

"तिच्या तोंडात पान देतो."

असे म्हणून त्यांनी माझ्या घंटेत कापसाचा बोळा कोंबला व वरून पट्टी चिकटवली. मित्रांनो, माझ्या वर्मी घाव बसला. ज्या बाळाला जपायचे त्याच्याच कानाशी माझी घंटा ठेवून घडवणाऱ्यांनीच प्रथम मला फसवले होते, हे मला तेव्हा उमगले.

परंतु सिस्टरांनी लगेच स्टूल आणून माझ्यासमोर मांडले व त्यावर बसल्या. "घंटा गेली, आता डोये ठेवा लागते. लाल दिसलं का मले हाक मार," असे त्यांनी रुखमाबाईंनाही शिकवले. बाळ निवांत झोपू लागले. मलाही ते मौन गोड वाटू लागले.

पुढे आईच्या आजारपणामुळे कमरजहाँ सिस्टर चिमूरला निघून गेल्या. त्यांच्या जागी कांता सिस्टर आल्या. त्यांनी बोळा तसाच ठेवला, स्टूल मात्र गप्पा मारायला व्हरांड्यात नेले.

एका दुपारी बाळाचा श्वास अडखळला. मी जीव तोडून लुकलुकले. खोलीत कोणीच नव्हते. खिडकीच्या काचेतून रुखमाबाईंनी पाहिले व त्या धावल्या.

"बाई, लाल लुकलुकून राह्यलं."

"मशीन वाजली का? नाई ना? मंग काऊन घाबरता? लेकरू मजेत आहे."

रुखमाबाईंनी त्यांचा हात धरून अक्षरशः ओढत आणले. बाळ निळे पडले होते. डॉक्टरसाहेब आले, प्राणवायू दिला गेला, आणि बाळ परतले.

"वेळेवर कोणाला समजलं कसं नाही?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

कांता सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "मशीनच बिघडली, साहेब. वाजलीच नाही."

पट्टीकडे कोणी पाहिले नाही. मी आशेने रुखमाबाईंकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. परंतु बाळ अजून त्याच सिस्टरांच्या हाती होते. त्यांनी मान खाली घातली. त्याच सायंकाळी मला जिन्याखाली टाकले गेले.

मित्रांनो, एखाद्याचे तोंड बंद करणे कधी आवश्यकही असेल. मग त्याच्याकडे पाहत राहण्याचे काम आपले असते. एवढीच माझी विनवणी आहे. ती मोठ्याने करता येत नाही, कारण तो बोळा अद्याप माझ्या घंटेत आहे. म्हणून माझ्या वतीने ही लेखणी दुसऱ्याने धरली.

वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
खुशाल सोमाजी दुर्गे, पोंभुर्णा
(त्या बाळाचा बाप)