बाटल्यांच्या तळाचा गाळ

हे सगळं १९७९ सालचं. आम्ही तेव्हा हुबळीत देशपांडे नगरात राहत होतो. माझे यजमान प्रभंजन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आदल्या वर्षी ते बेल्जियमला दहा महिने शिकायला गेले आणि येताना माझ्यासाठी एक लोकरी शाल, अन् स्वतःसाठी तिथल्या सोनेरी, कडक बिअरचं वेड घेऊन आले. निघताना त्यांचे प्राध्यापक डेकर्स हसून म्हणाले होते, ही बिअर तुमच्या उन्हात व्हायची नाही. ते ह्यांना फार लागलं होतं. आता मार्चमध्ये डेकर्स आमच्याकडे जेवायला येणार होते, आणि त्यांच्यापुढे ती बिअर ठेवल्याशिवाय ह्यांना चैन पडणार नव्हतं.

बिअर आपण केली असं हे सांगत. केली म्हणजे वहीत लिहिली. जव निवडले मी, भिजवले मी, मोड आणून गच्चीवर वाळवले मी, जात्यावर भरडले मी. पहिल्याच दिवशी थर्मामीटर फुटला, तेव्हा पाण्यात बोट घालून अंदाजही मीच घेतला. परवान्याचं विचारलं तर म्हणाले, "प्रयोगाला कसला परवाना?"

देवापुढची खडीसाखर संपली तेव्हा माझ्या सासूबाई वेणूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"खडीसाखर कुठं गेली ग?"

"मी घेतली, अव्वा," हे म्हणाले. "औषधाला."

"दोन शेर? कुणाला काय झालंय?"

हे वही उघडून बसले.

तिकडून नळीत घालून आणलेलं यीस्ट आणि डब्यातली हॉप्सची कडू फुलं घालून ते जव अन् खडीसाखरेचं उकळलेलं पाणी आंबवलं. मग थोडी साखर घालून चोवीस बाटल्या भरल्या, बुचं सुतळीनं बांधली आणि दीड महिना कोठीत ठेवल्या.

डेकर्स यायच्या आदल्या दिवशी हे त्यांना आणायला बेळगावला निघाले.

"बाटल्यांना हात लावू नकोस."

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक."

ते गेल्यावर मी बाटल्या पुसायला घेतल्या. पाहते तर प्रत्येकीच्या तळाशी बोटभर पांढरा गाळ. परदेशचा पाहुणा, आणि त्याच्यापुढे हे ठेवायचं? मी चोवीसही बाटल्या उघडल्या, धुतलेल्या पंच्यातून बिअर गाळली आणि पुन्हा भरून ठेवली. गाळ टाकवेना. इडलीचं पीठ उशिरा वाटलं होतं अन् फुगत नव्हतं, त्यात ढवळून टाकला. सकाळी पीठ पातेल्याबाहेर आलं होतं.

दुपारी डेकर्स जेवायला बसल्यावर ह्यांनी पहिलं बूच काढलं. आवाज नाही, फेस नाही. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली.

"कुसुम, हात लावलास?"

"गाळ होता. काढला."

"अग, तो गाळ म्हणजे जिवंत यीस्ट. अन् बूच उघडलं की सगळा वायू गेला."

"मग कालच सांगायचं. त्या फुलांच्या सात पिढ्या मला तोंडपाठ करवल्यात, अन् एवढंच सांगायचं राहिलं?"

डेकर्सना मराठी कळत नव्हतं, हे नशीब. त्यांनी इडली मोडली आणि थांबले. यात लवंग घातली आहे का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी इडली हुंगली, बिअरचा घोट घेतला, पुन्हा इडली हुंगली.

"हे आमचं यीस्ट आहे, लवंगेचा हा वास त्याचाच," ते म्हणाले. मग पेला उजेडात धरला. "बिअर झाली आहे, प्रभंजन. मेली आहे, पण झाली आहे."

ह्यांचा चेहरा असा झाला की हसावं का रडावं ते त्यांनाच कळेना. माजघरात सासूबाई पाचवी इडली मागत होत्या. संध्याकाळी ह्यांनी वहीत एकच ओळ लिहिली, "बाटल्या गाळू नयेत." का गाळू नयेत, ते लिहिलं नाही.

डेकर्स पुढे दर नाताळाला पत्र पाठवायचे, ८६ साली ते वारले. सासूबाई ८४ मध्ये गेल्या. "ती पाहुण्याच्या दिवशीची इडली कर," असं शेवटपर्यंत म्हणायच्या, आणि त्यात काय होतं ते त्यांना कधीच कळलं नाही. ह्यांनी पुन्हा बिअर केली नाही. निवृत्त झाल्यावर द्राक्षांच्या व्हिनेगरमागे लागले, आणि द्राक्षं निवडायला अर्थात मीच होते. त्या बाटल्यांत मी कोकमाचं सरबत भरत राहिले. हे गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. त्या ओळीखाली कारण आता मीच लिहून ठेवलं आहे.