बॅटरीवर मादी

“ही गाडी पळणार नाई,” इंदुताई म्हणाल्या आणि बॅटरी त्यांनी बाजूला ठेवली.

विक्की हसला. चंद्रपुरात त्याचं मंडप-खुर्च्या भाड्यानं देणारं बिछायत केंद्र होतं. भद्रावतीच्या या मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत भरली की मंडप त्याचा असायचा, तोही फुकटात. त्यामुळे मैदानही आपल्याच मालकीचं आहे, असा त्याचा समज झाला होता.

“काऊन नाई पळणार? काल घरी चालवून पायली न मी!”

“चालली असंन. पण बॅटरीवर तुमी नर बसवला. तिथी मादी पायजे.”

बॅटऱ्या तपासून घ्यायला रांगेत उभे असलेले दोघे-तिघे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. एक उगाच खोकला. चांगले तिशी-चाळिशीतले बाप्ये, पण हा शब्द बाईच्या तोंडून आला की यांचे कान लाल होणार!

खरं तर लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्या कनेक्टरचे पितळी खिळे बाहेर असतात तो नर आणि ज्याची टोकं प्लास्टिकच्या आत झाकलेली असतात ती मादी. अख्खा बाजार हेच म्हणतो. बॅटरीत करंट सदा जागा, म्हणून बॅटरीला झाकलेली बाजू आणि गाडीला खिळ्यांची. उलट केलं की बॅटरीचे दोन्ही खिळे उघडे पडतात. मग एखादा पाना नाहीतर किल्ली दोन्हींना एकदम टेकायचा अवकाश, की भडका.

हे इंदुताईंना शिकवलं त्यांच्या नवऱ्यानं, गुणवंतरावांनी. रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांचंच. ते गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सोल्डरिंगची कांडी इंदुताईंच्या हातात होती आणि हात नवऱ्यापेक्षाही साफ होता. तरी गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, “दुकानात कोणी हाय का?” समोर धडधडीत बाई बसलेली असताना! यंदा शर्यत भरवणाऱ्या प्रफुल मास्तरांनी त्यांना बॅटऱ्या तपासायला बसवलं, तेव्हा त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. चारचौघांत कोणी आपल्याला मिस्त्री म्हणून बसवलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

“कनेक्टर तुमच्याच दुकानातून नेला, बाई,” विक्की आवाज चढवून म्हणाला. “चुकला असंन तर तुमी चुकल्या.”

इंदुताईंना मंगळवार आठवला. हा काउंटरवर आला होता, पिवळ्या कनेक्टरकडे बोट दाखवत घुटमळला होता. “कोणता पायजे?” असं विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला होता, “तो... भाऊवाला द्या.” त्यांना वाटलं, गाडीसाठी नेत असेल.

“विक्कीभाऊ, तुमाले पायजे होती मादी. पण बाईपुढं मादी म्हनाची लाज वाटली न? म्हनून भाऊवाला मांगतला. आन् जो मांगतला तोच नेऊन बॅटरीवर चिकटवला, न् घरची जुनी मादी गाडीले.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. विक्कीचा चेहरा उतरला आणि मग पारा चढला. त्यानं टेबलावरून बॅटरी हिसकावली. त्या झटक्यात उघडे खिळे शेजारीच ठेवलेल्या त्याच्या गाडीच्या लोखंडी दांडीला टेकले. फाट्कन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि बॅटरी त्याच्या हातातून मातीत पडली. एका खिळ्याचं टोक जळून काळं पडलं होतं.

सगळे दोन पावलं मागे सरले. इंदुताईंनी वाकून बॅटरी उचलली, दूर वाळूच्या बादलीत ठेवली आणि त्या परत टेबलाशी येऊन बसल्या.

“आता हिले कोनी हात लावू नका. फुगते का पाहू. दुसरी असंन तर आना, दहा मिनिटांत तिले मादी न् गाडीले नर बसवून देतो. एकेक वायर कापून; दोन्ही संगं कापल्या तं पुन्हा ठिणगी.”

“मले नाई पायजे तुमची मेहेरबानी!” विक्की ओरडला. “हेच टेबल राह्यलं तर माहा मंडप नाई राहणार.”

प्रफुल मास्तर घाईघाईनं जवळ आले. माणूस वाईट नव्हता, पण भांडण म्हटलं की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. “ताई, आजच्या दिवस जाऊ द्या न. दुसऱ्या बॅटरीले हाय तसंच चालू द्या. ऊन पाहा किती हाय.”

“मास्तर, मले इथी कायले बसवलं? शोभेले?” इंदुताई खुर्चीतून उठल्या नाहीत. “तसं असंन तर फुलदानी आनून ठेवा. मी हाय तवर उघड्या खिळ्याची बॅटरी मैदानात जानार नाई.”

मास्तर बाजूला झाले. विक्कीनं गड्यांना हाक मारली. त्यांनी खाली बघत दोर सोडले, बांबू उपटले. कापडाची घडी टेम्पोत गेली आणि मार्चच्या दुपारचं ऊन धाडकन टेबलावर आलं. रांगेतले निम्मे लोक कडुनिंबाच्या सावलीला पळाले.

इंदुताईंना वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी इथं दुसरं कोणी बसेल.

तेवढ्यात आरमोरीहून शर्यतीला आलेले दादाजी पुढे झाले. भारदस्त मिशांचे पंपमिस्त्री. त्यांनी गाडी टेबलावर ठेवली, शेजारी बॅटरी ठेवली, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडीले नर. बॅटरीवर मादी. पाहून घ्या, बाई.”

इंदुताईंनी पदर डोक्यावरून घेतला. मीटरची टोकं कनेक्टरला लावली. उन्हाच्या झळाळीत आकडा दिसेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताची सावली मीटरवर धरली आणि तो नीट वाचला.