हिरव्या पट्टीचे बूट

आज रविवार. शाळेत चिटपाखरू नाही. म्हणून तर मला बोलायला सवड मिळाली, नाहीतर माझं ऐकायला थांबतंय कोण! मित्रांनो, मी शाळेच्या दारातली बुटांची मांडणी आहे, देवदाराच्या लाकडाची, चांगली जुनी. इथल्या मुलांना माझं तोंड कसं आहे विचाराल तर एकालाही सांगता येणार नाही, कारण माझ्यापुढे आलेला प्रत्येक जण खाली आपल्या पायांकडे बघत असतो. सदतीस वर्षं मी वाकलेल्या माना आणि डोक्यांवरचे भोवरे बघतेय.

मला आमच्याच गावच्या ओनोदेरा सुतारानं घडवलं. मोठा तिरसट माणूस. बंदरावरचा वारा अंगावर घेत तो अंगणात रंधा मारायचा आणि कुणी जवळ आलं की ओरडायचा. मला शाळेत आणून उभं केलं तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणाला, "पोरांनी लाथा घातल्या तरी ही हलायची नाही. पण पुसत जा हिला. लाकूड आहे, दगड नाही." लाथा पुष्कळ बसल्या. पुसायचं तेवढं सगळे विसरले.

तेव्हा शाळेत तीनशे वीस मुलं होती आणि माझे पाच भाग होते. सकाळी आठला जो गोंधळ उडायचा, काही विचारू नका! एकाचा बूट दुसऱ्याच्या कप्प्यात, कुणाची पिशवी कुणाच्या डोक्यावर. मी वैतागायचे, पण मनातून सुखात होते. मग गावातली माणसं कामाच्या मागे मोठ्या शहरांकडे गेली आणि मुलंही गेली. माझे दोन भाग काढून सायकलींच्या छपराखाली नेले. त्यांच्यावर आता कुंड्या असतात. उरले तीन भाग, शाळेच्या तीन वर्षांचे: डावा पहिल्या वर्षाचा, मधला दुसऱ्या वर्षाचा, उजवा तिसऱ्याचा. त्यांतलेही निम्म्याहून जास्त कप्पे रिकामे. फार एकटं वाटतं हो.

आमच्याकडे रस्त्यावरचे बूट घालून शाळेत पाऊल टाकायचं नाही. मूल येतं, बाहेरचे बूट कप्प्यात ठेवतं आणि तिथले पांढरे कापडी बूट घालून आत जातं. घरी जाताना उलट. म्हणजे शाळा भरल्यावर एखाद्या कप्प्यात पांढरे बूट दिसले, की समजायचं, हे मूल आज आलेलं नाही. वर्गातली हजेरी नंतर होते, मला आधीच कळलेलं असतं. शुक्रवारी सगळी मुलं पांढरे बूट धुवायला घरी नेतात आणि सोमवारी परत आणतात. बुटांच्या टोकाला रंगीत पट्टी असते, एका तुकडीचा एकच रंग, तिन्ही वर्षं तोच.

हिरव्या पट्टीच्या तुकडीत तोमोए हातानाका नावाची मुलगी होती. गेल्या वर्षी ती पहिल्या वर्षात आली. डाव्या भागातला चौदा नंबरचा कप्पा तिचा. बूट ठेवले की कप्प्याच्या कडेवरून ती एक बोट फिरवायची आणि लागलेली धूळ रुमालाला पुसायची. रोज. बाकी कुणी माझ्यासाठी एवढं केलं नाही. ती मिसुझु नावाच्या मैत्रिणीबरोबर यायची, दोघी सदानकदा खिदळत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसुझुच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. तोमोए एकटी यायला लागली. ऑक्टोबरात, आठवड्याच्या मध्यावरच, तिला सर्दी झाली. दोन दिवसांची रजा दोन आठवड्यांची झाली, आणि मग शाळेत येणंच तिला जड होऊन बसलं. कुणी तिला मारलं नाही, चिडवलं नाही. पण परत यायला धीर होईना.

तिचे पांढरे बूट माझ्याकडेच राहिले. तिच्या वर्गाच्या हिरासावाबाई रोज आठ वीसला खाली यायच्या, चौदा नंबरमध्ये बघायच्या आणि बुटाच्या टाचेला हात लावायच्या. एकदा त्या बुटालाच म्हणाल्या, "आजही नाही का गं?" तेव्हा मला रडू आलं. लाकडाला रडता येत नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही एवढंच.

मार्चमध्ये वर्ष संपलं. सगळ्यांनी आपले बूट घरी नेले. तोमोएची आई वह्या न्यायला आली, तेव्हा बाईंनी विचारलं, "बूटही देऊ का बरोबर?"

"नको हो बाई," आई घाईघाईनं म्हणाली. "ती म्हणते, बूट आणू नकोस. बूट तिथं असले म्हणजे मला परत जाता येईल."

बाईंनी मान डोलावली आणि बूट कप्प्यात सरळ करून ठेवले. पण मार्चअखेर म्हणजे बदल्यांचा हंगाम. हिरासावाबाईंची दूरच्या शाळेत बदली झाली. जाताना त्या घाईत होत्या, हातात फुलांचे तीन गुच्छ, मागे मुलींचा रडवा घोळका. बुटांचं सांगायचं राहून गेलं. म्हणजे आता शाळेत ती गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि मी ही अशी मुकी!

एप्रिल उजाडला. माझ्यासमोरच्या फळ्यावर नव्या वर्षाचं पत्रक लागलं. नवी मुलं एकोणीस, एकूण अठ्ठावन्न. गुरुवारी उंची-वजनाची मोजणी. वाद्यपथकाला ढोल वाजवणारा हवा. 'आधी येत नसलं तरी चालेल' असं कुणीतरी खाली पेन्सिलीनं लिहिलेलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी माझ्यावर नव्या नावांच्या चिठ्ठ्या लावायला कानादे आली. तिसऱ्या वर्षातली, विद्यार्थी मंडळाची चिटणीस. झटपट कामाची, जिभेनं फटकळ, मनानं मऊ. तिच्या मदतीला शाळेचे शिपाई कोगुरेकाका होते. चिठ्ठ्या लावत लावत ती चौदा नंबरपाशी थबकली.

"काका, हे कुणाचे बूट? धूळ बघा केवढी!"

"हातानाकाच्या मुलीचे. ती येत नाही ना, तिचे."

कानादेनं एक बूट हातात घेऊन बघितला. "हे असेच दुसऱ्या वर्षात ठेवले, तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसेल की ही आलेली नाही. बिचारी! तिला लोकांच्या नजरेत कशाला आणायचं?"

"मग काय करतेस?"

"पिशवीत घालून वर ठेवून देते. आली की देऊ."

"कप्प्यावर नाव तरी लाव तिचं."

"लावतेच की! मी काय एवढी दुष्ट आहे?"

तिनं बूट कागदी पिशवीत घातले, तोंड नीट दुमडलं आणि माझ्या डोक्यावर, पार मागे भिंतीला सरकवून दिले. आमच्याकडची माणसं अशीच. दुसऱ्याची लाज आपण होऊन झाकायची, आणि झाकली हे त्याला कळूही द्यायचं नाही. पोरीनं चांगल्या मनानं केलं, मला ते दिसत होतं. तरी मी मनात ओरडत होते, अगं बाई, नको, नको!

शाळा उघडली. एकोणीस नवी मुलं लाल पट्टीचे कडक बूट घेऊन आली. चौदा नंबर यामाउरा नावाच्या चिमुरडीला मिळाला. "माझा पहिल्या रांगेत! माझा पहिल्या रांगेत!" म्हणून ती नाचली. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. मधल्या भागातला तोमोएचा कप्पा नावासकट रिकामा होता. तिच्या वर्गाच्या नव्या बाईंनी एकदा त्यात डोकावलं. तिथं बूटच नव्हते, मग हात कशाला लावणार?

गुरुवारी साडेनऊला, पहिला तास चालू असताना, दार सरकलं. तोमोए होती. केस वाढलेले, गणवेशाच्या बाह्या आखूड झालेल्या. दारात ती बराच वेळ उभी राहिली. मग सरळ चौदा नंबरकडे आली, सवयीनं. तिथं दुसरंच नाव, दुसरेच बूट. ती दचकून मागे सरली. मधल्या भागात जाऊन तिनं एकेक चिठ्ठी वाचली आणि आपलं नाव सापडल्यावर कप्प्यात हात घातला. अगदी मागच्या फळीपर्यंत चाचपून बघितलं.

"नाहीत," ती म्हणाली. ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दाराशी टोपलीत पाहुण्यांच्या सपाता असतात, तपकिरी, वर सोनेरी अक्षरांत शाळेचं नाव. तिनं त्यांतली एक पायात घातली आणि एक पाऊल टाकलं. फट्‌! सगळ्या रिकाम्या पडवीत आवाज घुमला. तिनं ती लगेच काढली आणि जोडीला जोड लावून जशीच्या तशी टोपलीत ठेवली. स्वतःच्या शाळेत पाहुणी म्हणून कसं जायचं? पायरीवर बसून तिनं बाहेरचा एक बूट परत चढवला. नाडीची गाठ ओढून घट्ट बांधली.

मित्रांनो, मला आयुष्यात तेवढं असहाय कधी वाटलं नाही. बूट तिच्या डोक्यापासून हातभर वर होते. वर बघ गं, वर बघ! पण माझ्यापुढे येणारी मुलं खालीच बघतात.

इतक्यात तिसऱ्या वर्षाच्या मुली मोजणीसाठी व्यायामाच्या कपड्यांत तिथून निघाल्या. "ती कोण गं?" "अगं, ती नाही का, हातानाका..." त्यांची कुजबुज सुरू झाली. तोमोएनं मान आणखी खाली घातली. रांगेच्या शेवटी कानादे होती. तिनं पायरीवरची मुलगी बघितली, रिकामा कप्पा बघितला, आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. धावत येऊन तिनं टाचा उंचावल्या आणि माझ्या डोक्यावरची पिशवी ओढली.

"तोमोए, थांब! हे मी ठेवले होते वर. माझी चूक."

"मला वाटलं, फेकून दिले."

"फेकू कशाला? सगळे बघतील आणि तुला वाईट वाटेल, म्हणून..."

"बघू द्यायचं ना, ताई," तोमोए म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बूट तिथं असते, तर मला कळलं असतं की मी अजून इथलीच आहे."

कानादेनं पिशवीचं तोंड उघडलं. तिनं गुडघ्यावर बसून बूट झटकले आणि तोमोएपुढे ठेवले. तोमोएनं पाय घातला. टाच जाईना. तिनं जोर केला, पाय वाकडा करून बघितला, बोट घालून ओढलं. सहा महिन्यांत पाय वाढला होता.

"होत नाहीत," ती म्हणाली, आणि आता मात्र ती रडायला लागली.

कानादेनं आपले निळ्या पट्टीचे बूट पायातून काढले. "हे घाल. चोवीस मापाचे आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी?" कानादेनं टोपलीतल्या सपाता पायांत सरकवल्या. "मी आज बडी पाहुणी. चल, उंची मोजायची आहे. माझ्यापेक्षा उंच भरलीस तर बूट काढून घेईन, सांगून ठेवते."

तोमोएनं बाहेरचे बूट कप्प्यात ठेवले, जुने पांढरे बूट त्यांच्या शेजारी कोंबले. आणि मग कप्प्याच्या कडेवरून बोट फिरवलं! धूळ रुमालाला पुसून ती निळ्या पट्टीच्या बुटांत आत गेली. पुढे कानादे फटक-फटक चालली होती आणि तिच्या मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या, "काय गं, शाळेची तपासणी करायला आलीस वाटतं?" दिवसभर ती तशीच वाजत फिरली. तोमोएकडे मग कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

त्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली. शुक्रवारी दहाला आली, चोवीस मापाचे हिरव्या पट्टीचे नवे बूट घेऊन. कानादेचे बूट तिनं कागदात गुंडाळून परत केले.

मित्रांनो, मी लाकडाची, मला शहाणपण शिकवता येत नाही. एकच मागणं आहे. तुमच्यातलं कुणी यायचं थांबलं, तर त्याची वस्तू दयेपोटीसुद्धा हलवू नका. ती तिथंच राहू द्या, आणि येता-जाता तिच्यावरची धूळ पुसा. ते माणूस येईल तेव्हा आधी तिथंच बघणार आहे.

आज माझे सगळे कप्पे रिकामे आहेत. तोमोएचाही. परवा, शुक्रवारी, शाळा सुटताना तिनं जुने आणि नवे दोन्ही बूट कापडी पिशवीत घातले आणि घरी नेले. उद्या ती येईल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, मी फार वाट बघितली आहे. पण नवे बूट ती धुवायला घेऊन गेली आहे. यायचंच नसतं, तर कशाला नेले असते?