बिनपडद्यांची गिटार

शिवशंकर लातूरला एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. वय पन्नाशीला टेकलेलं, हात स्थिर, आणि त्या हातांवर त्याचा भरवसा जरा जास्तच. कॉलेजात असताना तो एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. पुढं नोकरी, लग्न, बदल्या यांत गिटार कपाटावर गेली ती वीस वर्षं तिथंच राहिली. त्याची बायको दीपमाला घरी गाण्याचे वर्ग घ्यायची. दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "अहो, माझ्या भजनांना तुमच्या त्या जाड आवाजाच्या गिटारची साथ का नाही करत?"

त्यानं करून बघितली. पण दीपमाला एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायची, आणि गिटारच्या मानेवर ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, सतारीला असतात तसे पडदे, त्याला तसं घसरू देईनात. ती उतारावरून चाललेली आणि हा मागून पायऱ्या मोजत येतोय, असं व्हायचं.

"मग काढूनच टाकतो त्या," तो म्हणाला.

एका रविवारी पक्कड घेऊन त्यानं सगळ्या फ्रेट उपटल्या, खाचांत लाकडाच्या बारीक चिपा बसवल्या, वरून घासून मान आरशासारखी गुळगुळीत केली. काम झकास झालं. पण तारा चढवल्या आणि घोळ कळला. आधी तार फ्रेटवर टेकली की भागायचं. आता ती थेट लाकडापर्यंत दाबावी लागे, आणि ती बसलेली उंच. दाबता दाबता ताणली जाई, सूर चढा लागे, आणि दहा मिनिटांत बोटांची टोकं लालबुंद. बुडाशी तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचे स्क्रू त्यानं पार तळाला नेले, तरी फरक नाही.

"जमतंय ना?" दीपमालानं विचारलं. "नांदेडचा भजनांचा कार्यक्रम बारा दिवसांवर आलाय."

"एकदम," तो म्हणाला.

गुरुवारी त्यानं रजा टाकली. नांदेडला कचेरीचं काम आहे, जाता जाता गिटारला नव्या ताराही घेतो, असं घरी सांगितलं आणि सकाळची एसटी धरली. नांदेडात पहिल्या दुकानदारानं गिटार हातातही न घेता नवीन घ्यायचा सल्ला दिला. मग त्याला तिथलीच पार्वतम्मा आठवली. दीपमालाचा तानपुरा तीच दुरुस्त करायची. बाई मूळची देगलूरकडची, साठीची. नवरा गेल्यावर हार्मोनियम-तानपुऱ्याचं दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं.

तिनं गिटार मांडीवर आडवी घेतली, मानेवरून बोट फिरवलं.

"पडदे कुणी काढले?"

"मीच."

"हात साफ हाय तुमचा. अक्कल थोडी घाईत होती." तिनं एक डोळा मिटून मानेच्या कडेनं पाहिलं. "पडदे गेले, पण तारा हायत तिथंच लटकून राहिल्या. त्यांना कुणी सांगितलंच न्हाई."

"घोडी आणखी खाली जात नाही," शिवशंकर म्हणाला.

"हे मागं चार स्क्रू कशाचे?"

"मान त्यांनीच धडाला जोडलीय."

"म्हणजे सुटी होते?"

"होते."

"मग झालं की. तारा खाली येत न्हाईत तर मानेची ही दांडी वर न्यायची. दोघींतली एक तरी ऐकंल."

तिनं तारा ढिल्या केल्या, स्क्रू काढले, आणि मान जिथं धडात बसते त्या खोबणीत, घोडीच्या बाजूला, सनमायकाची नखाएवढी पट्टी ठेवली. पुन्हा आवळलं. मान केसभर मागं कलली आणि तारा आणि लाकडातलं अंतर निम्म्यावर आलं. वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या शिवशंकरला हे सुचलं नव्हतं.

आता वरचं टोक. खुंट्यांजवळ तारा हाडाच्या पट्टीतल्या खाचांतून जात होत्या, आणि त्या खाचा फ्रेटच्या उंचीच्या हिशेबानं कोरलेल्या. पार्वतम्मानं बारीक कानस काढली, मापाला पोस्टकार्डाचा तुकडा तारेखाली ठेवला आणि कानशीचे दोन फेरे, एक नजर, दोन फेरे, एक नजर असं करत तीन खाचा उतरवल्या.

"शेवटची मला करू द्या," तो म्हणाला. "माझ्या हाताला सवय आहे बारीक कामाची."

तिनं कानस दिली. त्यानं चार फेरे मारले, पाचवा मारायला नको होता. तार लावली तर ती लाकडावर टेकून माशीसारखी भणभणायला लागली. शिवशंकरचा चेहरा उतरला.

"घासलेलं हाड परत वाढत न्हाई," ती म्हणाली. मग पोस्टकार्डावर पडलेला हाडाचाच भुगा तिनं चिमटीत घेतला, खाचेत भरला, वर चिकटद्रव्याचा थेंब सोडला. "पण भरता येतं. हं, घ्या. आता पुन्हा करा. फेरे मोजू नका, कान द्या."

यावेळी त्यानं प्रत्येक फेऱ्यागणिक तार छेडली. भणभण थांबली, आणि मग एक गोल, घोगरा, माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघाला. त्यानं बोट सरकवलं. सूर मधे कुठंही न तुटता वर चढला.

तो बराच वेळ वाजवत बसला. मग ओशाळून म्हणाला, "पार्वतम्मा, एक विनंती. घरी सांगितलेलं नाही मी. सगळं जमलंय असंच म्हटलंय. दीपमाला तानपुरा घेऊन आली तर बोलू नका."

पार्वतम्मा खो खो हसली. "अहो, बाईंचा फोन सकाळीच येऊन गेला. म्हणल्या, आमचे साहेब गिटार घेऊन फिरून राहिलेत, आज ना उद्या तुमच्याकडंच येतील. बोटं सोललीत त्यांची, पण सांगणार न्हाईत. मी फोन केला हे बोलू नका म्हणल्या." तिनं जीभ चावली. "आता बोलले. काय करता."

घरी पोचल्यावर शिवशंकरनं चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं, भणभणीसकट. दीपमाला फक्त एवढंच म्हणाली, "मग बसा की. मारव्यातलं ते भजन धरते."

नांदेडच्या कार्यक्रमात सभागृह निम्मंच भरलं होतं, पण आलेले लोक तयार कानाचे होते. दुसऱ्या भजनात त्याचं बोट जरा खाली पडलं आणि सूर उतरला. दीपमालानं न बघताच खरा सूर धरून ठेवला, शिवशंकर सावकाश सरकत तिथं पोचला, आणि पुढच्या रांगेतल्या एकानं "वाहवा" म्हणून मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर कंधारच्या भजनी मंडळाचे आनंदराज स्टेजपाशी आले. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं गायला याल का, त्यांनी दीपमालाला विचारलं, आणि हे बिनपडद्यांचं वाद्य पण आणाल का.

"ते त्यांना विचारा," दीपमाला म्हणाली.

शिवशंकरनं खिशातली डायरी काढली आणि तारीख विचारली.