हातमोज्यांची चाचणी

रान्हिल्ड टोफ्टगोरचं काम काय, हे तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "माझी मुलगी डब्यांवरच्या सूचना लिहिते," असं ती शेजाऱ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. रान्हिल्ड शिकली होती मानसशास्त्र. ओडेन्स शहरातल्या आमच्या संस्थेत ती माणसं वस्तू कशी वापरतात हे बघायची. कशी वापरायला हवी हे नाही, प्रत्यक्षात कशी वापरतात हे. शिडी, गवत कापायचं यंत्र, गोळ्यांची बाटली, काहीही. मी तिच्या चाचण्यांची मांडामांड करायचो, टेबलं लावायचो, कॅमेरा चालवायचो.

त्र्याण्णव साली एका कारखान्याचा पेंट रिमूव्हर आमच्याकडे आला. जुना रंग फुगवून सोडवणारं जालीम द्रव, कातडीला लागलं तर भाजून काढणारं. जुनं लेबल म्हणजे बारीक अक्षरांची मुंग्यांची रांग. रान्हिल्डने तीन महिने खपून नवं केलं. वर लाल हाताचं चित्र आणि खाली तीनच शब्द: 'हातमोजे घालूनच वापरा'. साठ माणसांना बोलावून चाचणी घेतली. सत्तावन्न जणांनी डबा उघडण्याआधी हातमोजे घातले. आमच्या क्षेत्रात असा आकडा कुणाला मिळत नाही. रान्हिल्डने त्यावर स्टॉकहोमला भाषण दिलं आणि आमच्या प्रमुखांनी खुशीत सगळ्या विभागाला केक आणला.

पुढच्या वसंतात, लोक पाण्यात सोडण्याआधी होड्या खरवडायला घेतात त्या दिवसांत, एका इस्पितळातून पत्र आलं. स्वेनबोर्गचा एक माणूस, दोन्ही हात भाजलेले. रिमूव्हर तोच. पत्राच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलं होतं की रुग्णाने हातमोजे घातले होते.

कारखान्याने कळवलं, वापरणाऱ्याची चूक. आमचे प्रमुख म्हणाले, "एखादा असायचाच."

रान्हिल्ड मला म्हणाली, "तोर्बेन, गाडी काढ."

अक्सेल ब्रानस्ट्रुप छप्पन्न वर्षांचा, फेरीबोटीवरचा इंजिनवाला. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या गुंडाळून तो स्वयंपाकघरात बसला होता. त्याची बायको मेटा त्याच्या तोंडाशी कॉफीचा कप धरत होती आणि तो वैतागत होता.

"तूच का ती लेबलवाली?" त्याने विचारलं.

"मीच."

"मग आधी हे ऐकून घे. मी ते वाचलं होतं. दोनदा. तीस वर्षं बॉयलरपाशी काढलीत मी, न वाचता कशाला हात लावत नाही."

"तो सगळंच दोनदा वाचतो आणि मला मोठ्याने वाचून दाखवतो," मेटा म्हणाली. "शाम्पूची बाटलीसुद्धा."

"मेटा, ती माझं ऐकायला आलीय."

"मग बोल की. कॉफी मी पिते."

रान्हिल्डने विचारलं, "हातमोजे कुठले होते, अक्सेल?"

मेटाने ओट्याखालून एक पिशवी काढली. आत भांडी घासायच्या पिवळ्या रबरी हातमोज्यांचा लगदा होता. बोटं एकमेकांना चिकटलेली. "दुकानात रिमूव्हरच्या शेजारच्याच फळीवर होते," अक्सेल म्हणाला. "आत ओलं लागलं तेव्हा वाटलं, घाम आला असेल. चरचरायला लागलं तोवर उशीर झाला होता."

रान्हिल्डने ती पिशवी बराच वेळ हातात धरली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. आमच्या चाचणीत टेबलावर योग्य हातमोजे ठेवलेले होते. अनेक पदरी, खास रसायनांसाठीचे, जे साध्या दुकानात मिळतच नाहीत. माणसं हातमोजे घालतात का, हे आम्ही तपासलं. कुठले आणतील, हे विचारलंच नाही.

"चूक तुझी नाही," ती म्हणाली. "माझी आहे. तू सांगितलं तसंच केलंस. मी अर्धंच सांगितलं."

अक्सेलने माझ्याकडे बघितलं. "आणि हा कोण?"

"हा तोर्बेन. चाचणीत हातमोजे यानेच मांडले होते."

"म्हणजे दोघं मिळून माझे हात भाजायला होतात." तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मेटा, यांनाही कॉफी दे. निदान खरं तरी बोलतात."

दुसऱ्या दिवशी रान्हिल्डने तीस माणसं गोळा केली, प्रत्येकाच्या हातात रिमूव्हरचा डबा आणि थोडे क्रोनर दिले आणि सांगितलं, "दुकानात जा, याच्याबरोबर लागेल ते घेऊन या." सव्वीस जण भांडी घासायचे हातमोजे घेऊन आले. दोघांनी बागकामाचे आणले. दोघं हात हलवत परतले.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत तिने लिहिलं, 'आमची आधीची चाचणी अपुरी होती.' प्रमुखांनी ती ओळ काढायला सांगितली. संस्थेचं नाव जाईल म्हणाले. "राहू दे," रान्हिल्ड म्हणाली. "नाहीतर पुढचं कुणी वाचणार नाही." ओळ राहिली. वर्षभर प्रमुख तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे.

कारखान्याच्या बैठकीला ती अक्सेलला आणि मला घेऊन गेली. तिची मागणी सोपी होती: योग्य हातमोज्यांची जोडी डब्यालाच बांधून विका.

संचालक क्रेस्टेन म्हणाला, "आम्ही रिमूव्हर बनवतो. हातमोज्यांचं दुकान नाही हे."

अक्सेलने वाद घातला नाही. खिशातून एक पिवळा हातमोजा काढला आणि मला डबा उघडायला लावला. मी योग्य हातमोजे घालून बशीत थोडं द्रव ओतलं आणि त्या पिवळ्या हातमोज्याचं एक बोट त्यात सोडलं. मेटाने दिलेली दालचिनीच्या गोड पावाची वेटोळी अक्सेलने सगळ्यांपुढे ठेवली. "खा," तो म्हणाला, "थोडा वेळ लागतो." खाणं संपायच्या आत रबर सुरकुतलं आणि साय सरकावी तसं सुटून आलं. क्रेस्टेन ते बघत होता, मग त्याने अक्सेलच्या गुलाबी, नव्या कातडीच्या हातांकडे बघितलं.

"जोडीला किती खर्च येईल?" त्याने विचारलं. आम्ही जिंकलो हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वसंतात डबे हातमोज्यांसकट दुकानांत आले. त्या रिमूव्हरबद्दल इस्पितळाचं दुसरं पत्र कधी आलं नाही. पुढे असली द्रवं घरगुती वापरातून बादच झाली, पण तोवरच्या वर्षांत किती हात वाचले याचा हिशेब कुणालाच करता येणार नाही. न घडलेल्याची नोंद कुठे असते? रान्हिल्ड म्हणायची, "आपल्या कामाचं हेच बरं आहे. यश आलं की काहीच होत नाही."

अक्सेल आमच्याकडे चाचण्यांना येत राहिला. त्याच्याइतकी कुरकुर करणारा माणूस मिळाला नाही आणि त्याच्याइतका उपयोगाचाही. एकदा एका नव्या खुर्चीवरची पानभर सूचना त्याने आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि अर्ध्यावर रान्हिल्डला इतकं हसू आलं की चाचणी रद्द करावी लागली.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी समोर गोळ्यांच्या बाटलीचं झाकण होतं: पोरांना उघडू नये, म्हाताऱ्यांना उघडावं. पोरांपुढे झाकण जिंकलं होतं. चाचणीला आलेल्या आजीबाईंपैकी सात जणींना मात्र ते उघडेना. एकीने शेवटी दात लावले. रान्हिल्डने शेरा मारला, 'परत पाठवा', आणि त्या आजीबाईला विचारलं, "घरी तू काय करतेस?"

"झाकण लावतच नाही," ती म्हणाली.

रान्हिल्डने तेही लिहून घेतलं. मग खुर्ची सरकवून तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "सांग मला. बाटली कुठे ठेवतेस, नातवंडं कधी येतात, सगळं सांग." बाहेर लोक फुलं घेऊन तिची वाट बघत होते. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना म्हणालो, अजून थोडा वेळ लागेल.